माउझरवरील आकडे आणि शिक्के

सोलापूरच्या दक्षिण कसब्यातील एका वाड्यात सोलापुरी चादरीवर ठेवलेले हे पिस्तूल जर्मनीतील ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यात तयार झालेले आहे. चापाच्या पुढे असलेली मॅगझिनची पेटी आणि गोल, निमुळती मूठ यांवरून सी-९६ हा नमुना चटकन ओळखू येतो. परंतु हेच पिस्तूल कोणत्या काळातील आणि कोणत्या वाटेने आलेले, हे त्यावरील आकड्यांवरूनच ठरवावे लागते.

मऊ ब्रशने खडूची पूड भरताच काडतूस बसते त्या कक्षाच्या डाव्या बाजूचा अनुक्रमांक स्पष्ट होतो. त्याचे शेवटचे अंक आतील सुट्या भागांवरही जुळले, तर ते भाग मूळचे मानता येतात. एकट्या क्रमांकावर मात्र विसंबू नये, कारण १९१६ मध्ये जर्मन सैन्याने ९ मिलिमीटरच्या दीड लाख पिस्तुलांची मागणी नोंदवली, तेव्हा त्यांचे क्रमांक पुन्हा १ पासून सुरू झाले. त्या पिस्तुलांच्या मुठीवर लाल ९ कोरलेला असतो. येथे तो नाही आणि नळीही ७.६३ मिलिमीटरची आहे.

आता भिंगाखाली दिसणारे हे तीन छोटे मुकुट पाहावेत. त्यांखालील बी.व्ही., बी.पी. आणि एन.पी. ही अक्षरे शस्त्रे तपासणाऱ्या बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची असून ती १९०४ पासून वापरात आली. परदेशी शस्त्रांवर ‘नॉट इंग्लिश मेड’ असा शिक्का मारण्याची पद्धत १९२५ मध्ये सुरू झाली, आणि तो येथे नाही. म्हणजे हे पिस्तूल १९०४ ते १९२५ या काळात इंग्लंडमध्ये तपासले गेले. ब्रिटिश अधिकारी त्या काळी स्वतःचे पिस्तूल स्वखर्चाने घेत आणि बर्मिंगहॅमची वेस्टली रिचर्ड्स ही बंदुकांची कंपनी माउझर विकत असे. सरकारी मालकीचा बाण, अथवा हिंदुस्थान सरकारचा बाणाखालील ‘आय’, कोठेही नसल्याने ही खाजगी खरेदी असावी, हा तर्क सबळ ठरतो.

हे सारे वाचता आले ते केवळ या घराने पिस्तुलाला कधी पॉलिश केले नाही म्हणून. चकाकीच्या हौसेपायी घासलेल्या पोलादावर प्रथम हे उथळ मुकुटच पुसले जातात, आणि एकदा गेलेला शिक्का कोणताही कारागीर परत आणू शकत नाही. तेल लावावे, घासू नये.

चालू स्थितीतील असे शस्त्र परवान्याविना बाळगणे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार गुन्हा आहे. या पिस्तुलाचा परवाना आहे.