पीकॉक बासच्या वाटेला जाताना

(इंदूरमधील व्याख्यानाचा संपादित अंश)

मंडळी, आपल्या माळव्यात गळ टाकायचा म्हणजे कणकेची गोळी लावायची आणि बुचावर नजर ठेवून बसायचं. रोहूसाठी ते ठीक आहे. पीकॉक बासपुढे ही बैठक कामाची नाही. हा अॅमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यांतला शिकारी मासा. त्याला डिवचावं लागतं.

आपल्या टाक्यांत दिसणारे ऑस्कर, एंजलफिश याच्याच सिक्लिड कुळातले. पिवळं-हिरवं सोनेरी अंग, त्यावर तीन काळे उभे पट्टे, खालचे पर लालसर, आणि शेपटीवर सोनेरी कड्यातला डोळ्यासारखा काळा ठिपका. यातली सर्वांत मोठी जात सिक्ला टेमेन्सिस. ब्राझीलमध्ये 2010 साली पकडलेला या जातीचा मासा तेरा किलोंहून थोडा जास्त भरला आणि तो जागतिक विक्रम ठरला. याच जातीत काही मासे गडद, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा असलेले मिळतात. तिथले कोळी त्यांना वेगळं नाव देतात. जनुकं तपासल्यावर कळलं की मासा तोच. विणीचे दिवस जवळ आले की ठिपके पुसट होतात आणि पट्टे, सोनेरी रंग उठून दिसतात. या रंगातला नर डोक्यावर उंचवटा घेऊन दिसला, तर समजावं की स्वारी विणीच्या तयारीत आहे.

आता पकडायचं कसं? आधी पाणी बघा. रिओ नेग्रोसारखी नदी वर्षभरात सुमारे दहा मीटर चढते-उतरते. पूर आला की मासे बुडालेल्या जंगलात पांगतात, मग कितीही गळ फेका. पाणी उतरून ते खाड्यांत आणि तळ्यांत गोळा झाले की खरा हंगाम. हा दिवसा, नजरेनं शिकार करणारा मासा आहे, त्यामुळे रात्र जागवण्यात अर्थ नाही. पडलेली झाडं, वाळूच्या दांड्याची कड, तळ्याचं तोंड इथे लूअर, म्हणजे माशासारखं दिसणारं कृत्रिम आमिष, टाकायचं. शेपटीला पंखा असलेलं मोठं लूअर पाणी फाडत, खरखर आवाज करत ओढलं की तो भुकेनं येतो, नुसत्या रागानंही येतो. पाण्याचा स्फोट होतो आणि नवखा माणूस दचकून रॉड झटकतो. तसं करू नका. वजन हाताला जाणवेपर्यंत ओढत राहा. हल्ला हुकला तरी तो पुन्हा येतो. वर येईनासा झाला, तर केसाळ जिग, म्हणजे वजनदार डोक्याचा गळ, खोलवर खेळवा. दोरी विणलेली, पन्नास-पासष्ट पौंडांची, आणि रीळ घट्ट आवळलेलं हवं. पहिल्याच धावेत तो बुडालेल्या फांद्यांत शिरतो. तिथे ढील दिलीत की मासाही गेला आणि लूअरही.

आई-बाप दोघंही पिलांची राखण करतात, हे मला या माशातलं सर्वांत मोठं वाटतं. राखणीवरचा मासा लागला तर फोटोच्या नादात वेळ घालवू नका, लगेच तिथेच सोडा. तेवढ्या वेळात बाकीचे मासे पिलं फस्त करतात.

पण याच आक्रमकपणाची दुसरी बाजू पनामात दिसली. 1967 च्या सुमारास हा मासा एका तळ्यातून निसटून गाटून सरोवरात पोचला. काही वर्षांतच तिथल्या नेहमीच्या आठ स्थानिक जातींपैकी सहा नाहीशा झाल्या. 1973 मध्ये झॅरेट आणि पेन या शास्त्रज्ञांनी हे ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं, छोट्या माशांवर जगणारे पक्षीही तिथे कमी झाले होते. फ्लोरिडानं 1984 मध्ये तो मुद्दाम सोडला, तिलापिया या परक्या माशांना आवर घालायला. पण तिथे थंडीचं कुंपण आहे: पाणी साधारण सोळा अंशांखाली गेलं की हा मासा तग धरत नाही, म्हणून तो राज्याच्या दक्षिण टोकाशीच राहिला.

आपल्या यशवंत सागर आणि सिरपूर या दोन्ही तलावांना 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मान मिळाला, आणि पलीकडे नर्मदेत आपला महाशीर मासा आहे. तेव्हा ज्यांच्या घरी टाकीत हा मासा असेल, त्यांना हात जोडून सांगतो: तो मोठा झाला, टाकीत मावेना, तर दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या एखाद्या हौशी माणसाला द्या. तलावात सोडू नका.