एकच डिलीट, दोन अर्थ

(काळा पडदा. टर्मिनलवर एकच ओळ.)

ओळ साधी आहे. डिलीट, आणि कंसात तीन गोष्टी: अ, ब, अ अशी यादी, मग अ, आणि उत्तरासाठी एक मोकळा चल. एसडब्ल्यूआय-प्रोलॉगमध्ये, म्हणजे प्रोलॉग या तर्काच्या नियमांवर चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेच्या एका अवतारात, एंटर दाबलं की यादीतले दोन्ही अ गळतात, उरतो ब. आता हीच ओळ, एका अक्षराचाही फरक न करता, एक्लिप्स या प्रोलॉगच्या दुसऱ्या अवताराला देऊ. उत्तर येतं: नाही.

एरर नाही, इशारा नाही. नुसतं नाही. एक्लिप्सच्या डिलीटला आधी घटक हवा असतो, मग यादी. आणि एका वेळी ते एकच घटक काढतं. दुसऱ्या एखाद्या भाषेत असा घोळ झाला तर प्रोग्राम बहुधा आदळतो, निदान कळतं तरी. प्रोलॉगमध्ये ‘नाही’ हे रीतसर उत्तर आहे. दिलेल्या नियमांवरून हे सिद्ध होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. नावांचा गोंधळ या उत्तराआड आरामात लपून बसतो.

(हे एक्लिप्स म्हणजे जावावाल्यांचं एक्लिप्स नव्हे. म्युनिकच्या ईसीआरसी या संशोधन केंद्रातलं हे प्रोलॉग त्या एडिटरच्या आधीचं. पण नाव शोधायला जावं, तर पुढ्यात येतो एडिटरच.)

प्रोलॉगच्या अवतारांमधलं हे भांडण जुनं आहे. प्रोलॉग १९७२ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेला जन्मलं, आलँ कोल्मेरोर आणि फिलिप रूसेल यांच्या हातून. नाव सुचवलं रूसेल यांच्या पत्नीनं. पुढे १९७७ मध्ये एडिंबरात डेव्हिड वॉरन आणि सहकाऱ्यांचा डेक-१० मशीनसाठीचा कंपायलर आला, आणि लिहिण्याचं एक वेगळं वळण रुजलं. मार्सेच्या प्रोलॉग-२ मध्ये नियमाचं डोकं आणि धड यांच्यामध्ये बाण असतो, आणि नियम संपतो अर्धविरामानं. एडिंबराच्या वळणात मधे कोलन आणि आडवी रेघ, शेवटी पूर्णविराम. बाण आणि अर्धविराम तिथेही आहेत. फक्त बाण म्हणजे ‘तर’, आणि अर्धविराम म्हणजे ‘किंवा’.

टिकलं ते एडिंबराचं वळण. आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेनं १९९५ मध्ये प्रमाण ठरवलं तेही त्याच वळणाचं. त्यातला एक निर्णय मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. डेक-१० वर, कुठेही न लिहिलेलं प्रेडिकेट (डिलीटसारखं, नावानं बोलावता येणारं) बोलावलं तर मुकाट्यानं ‘नाही’ मिळायचं. स्पेलिंग चुकलं तरी ‘नाही’. प्रमाणानं सांगितलं, इथे एरर द्या.

नावांच्या बाबतीत मात्र प्रमाणाचा हात आखडता. अपेंड, मेंबर ही रोजच्या वापरातली नावं त्यात नाहीतच. असर्टही नाही, आहेत ती असर्ट-ए आणि असर्ट-झेड, एक नियम सुरुवातीला घालणारं, दुसरं शेवटी. नुसत्या असर्टवरून नियम कुठे जाणार ते कळत नाही. नकारासाठीही ‘नॉट’ नाही, उलटी तिरकी रेघ आणि अधिकचं चिन्ह आहे. दिसायला ओबडधोबड, पण प्रामाणिक. सिद्ध न होणं वेगळं आणि खोटं असणं वेगळं, आणि ‘नॉट’ वाचणारा हमखास दुसरं समजून बसतो.

डबल कोट्सचा निकाल तर लागलाच नाही. आतला मजकूर म्हणजे अक्षरांच्या क्रमांकांची यादी, सुट्या अक्षरांची यादी, की एक अखंड ॲटम, म्हणजे न फुटणारं नाव? प्रमाणानं हे एका फ्लॅगवर, म्हणजे बदलता येणाऱ्या सेटिंगवर सोडलं, आणि फ्लॅगची सुरुवातीची किंमत ज्याच्या त्याच्या मर्जीवर. सिक्स्टस हा अवतार क्रमांक देतो, स्क्रायर हा सुटी अक्षरं. एसडब्ल्यूआयनं सातव्या आवृत्तीत चौथाच मार्ग धरला: स्ट्रिंग हा स्वतंत्र प्रकार. याद्या आतून जोडणारं टिंबही त्याच आवृत्तीत बदललं. त्यामुळे त्या टिंबावर विसंबलेला जुना कोड काही ठिकाणी पुन्हा तेच निर्विकार ‘नाही’ देऊ लागला.

आणि मुळात प्रोलॉग म्हणायचं कशाला? बोरलँडचं टर्बो प्रोलॉग १९८६ मध्ये आलं. वेगवान होतं, पण प्रेडिकेटचे टाइप आधी जाहीर करावे लागत, आणि चालत्या प्रोग्राममध्ये फक्त तथ्यं भरता येत, नवे नियम नाहीत. ‘हे प्रोलॉगच नव्हे’ ही ओरड तेव्हापासूनची. मला ती रास्त वाटते. नियमसुद्धा डेटाच असतो, ही प्रोलॉगची अर्धी गंमत आहे.

(पुन्हा टर्मिनल.)

डिलीटकडे परत येऊ. कोड दोन्हीकडे चालवायचाय. एसडब्ल्यूआयमध्ये एकच घटक काढायला सिलेक्ट आहे: घटक, यादी, उरलेली यादी. क्रमही एक्लिप्सच्या डिलीटसारखाच. मग डिलीट सोडून सगळीकडे सिलेक्टच लिहावं, नाही का? जुन्या एक्लिप्समध्येही सिलेक्ट आहे, तेही तीनच आर्ग्युमेंट्सचं.

ते कुठल्या स्ट्रीमवर, म्हणजे डेटा येण्याच्या वाटेवर, वाचण्याजोगं काही आलंय का, याची वाट पाहतं.