दात आंबले म्हणजे काय झाले?

श्रोतेहो, नमस्कार.

मंडईतून मोसमातली पहिली कैरी घरी येते. फोडींवर तिखटमीठ पडते, आणि त्या संपल्या की जेवताना भाकरीचा तुकडासुद्धा चावता येत नाही. आपण म्हणतो, "दात आंबले." गेली 20 वर्षे मी पुण्यात दातांची डॉक्टर म्हणून काम करते आहे. दातांची झीज कशी सुरू होते हे सांगायला या दोन शब्दांपेक्षा नेमके शब्द मला अजून सापडलेले नाहीत.

दातावरचे पांढरे कवच म्हणजे एनॅमल. शरीरातला हा सगळ्यात टणक पदार्थ, वजनाने जवळजवळ 96 टक्के खनिज. हाड मोडले तर जुळून येते. एनॅमलचे तसे नाही. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंतच असतात, त्यामुळे एकदा गेलेला थर पुन्हा तयार होत नाही. आणि या टणक कवचाला आंबट सोसत नाही. तोंडाचा सामू, म्हणजे pH (हा आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त), साधारण 5.5 च्या खाली उतरला की त्यातले कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटू लागते. लिंबाच्या रसाचा सामू 2 ते 2.5 च्या आसपास असतो, कोलाचाही जवळपास तितकाच. मग आपली लाळ कामाला लागते. ती आम्ल शमवते, मऊ पडलेल्या थराला खनिज परत देते. मात्र तिला त्यासाठी वेळ लागतो, निदान अर्धा तास.

नेमका तोच अर्धा तास आपण तिला देत नाही.

तळजाईवर रोज पहाटे फिरायला जाणारे एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे आले. गार पाणी लागले की डावीकडे सणक जाते, ही तक्रार. आरसा धरला तर वरच्या सुळ्याला आणि त्यामागच्या दोन दातांना, अगदी हिरडीलगत, कुऱ्हाडीचा घाव बसावा तशी खाच. नख फिरवले तर अडकत होते. कीड कुठेच नव्हती. "अहो डॉक्टर, मी तर दिवसातून तीनदा घासतो," ते कळवळून म्हणाले. फिरून आल्यावर कोमट पाण्यात लिंबू-मध, आणि ते पिऊन झाले की लगेच कडक ब्रशने आडवे, जोर लावून घासणे, असा त्यांचा 15 वर्षांचा नेम. आंबटाने मऊ पडलेला थर ते रोज स्वतःच्या हाताने खरवडून काढत होते. उजव्या हाताने घासणाऱ्याचा जोर डाव्या बाजूवर जास्त पडतो, म्हणून खाचाही तिकडेच. इतक्या शिस्तीच्या माणसाला हे सांगताना मला फार वाईट वाटले.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. लिंबूपाणी प्यायचेच असेल तर दात आधी घासा. प्यायल्यावर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा आणि ब्रशला हात लावू नका. उन्हाळ्यात लिंबाचे किंवा कोकमाचे सरबत जरूर प्या, पण तासभर घोट घोट घेत बसू नका. प्रत्येक घोटागणिक दात नव्याने आंबतात. झोपताना तर आंबट नकोच, कारण झोपेत लाळ कमी सुटते. ब्रश मऊ केसांचा घ्या आणि बोटांच्या चिमटीत पेनासारखा धरा, म्हणजे जोर आपोआप कमी होतो. पेस्ट फ्लोराइडची असावी.

राखुंडी, कोळशाची पूड, विटकरीचा भुगा यांनी दात लख्ख दिसतात, ते वरचा थर घासला गेल्यामुळे. मिश्रीचे तर दुहेरी नुकसान. घासण्याने दात झिजतात, आणि ती भाजलेली तंबाखूच असल्यामुळे तोंडाच्या कर्करोगाची भीती वेगळी. घरात आजी किंवा मावशी मिश्री लावत असतील तर रागावून ती सुटणार नाही. जवळ बसून बोला. ती सवय नसून व्यसन आहे, सोडायला मदत लागते.

थोडी झीज वयाबरोबर होतेच. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने 1968 पासून तिथे उत्खनन केले, आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे सांगाडे मिळाले. तशा जुन्या वस्त्यांमधले दात बहुधा चावून चावून सपाट झालेले असतात, कारण दगडावर दळलेल्या धान्यात कच उतरते. आपले पीठ गिरणीतून मऊसूत येते. तरी तिशीतल्या मुलामुलींचे सपाट झालेले दात मी पाहते, ते झोपेत दात खाल्ल्यामुळे. सकाळी जबडा जड वाटणे, कानशिले दुखणे या त्याच्या खुणा. त्यासाठी रात्री लावायचे नाइट गार्ड दाताच्या मापाने बनवून मिळते. लहान मूल झोपेत दात खात असेल तर जंत झाले म्हणून परस्पर औषध देऊ नका. बहुतेक मुलांचे ते वाढत्या वयाबरोबर थांबते.

आणखी एक खूण आवर्जून सांगते. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू जिभेने चाचपून पाहा. ती फार गुळगुळीत, पातळ लागत असेल, तर पोटातले आम्ल वर येत असण्याची शक्यता असते. रात्री 11 ला जेवून लगेच आडवे होणाऱ्यांमध्ये मी हे पाहिले आहे. अशा वेळी नुसते दात भरून भागत नाही, पित्ताचा इलाज फिजिशियनकडेच करावा लागतो.

झीज दुखत नाही, निदान सुरुवातीला तरी. त्यामुळे पुढच्या तपासणीला जाल तेव्हा दातांचे फोटो किंवा साचे घेऊन ठेवायला सांगा. वर्षभराने नवा फोटो जुन्याशेजारी धरला की झीज थांबली आहे की चालूच आहे, ते तुम्हालाही दिसेल. त्या गृहस्थांचे दोन फोटो मी तसेच शेजारी धरले होते. खाचा होत्या तेवढ्याच होत्या.

नमस्कार.