कंबरेवरचा हात

सकाळचे साडेसहा वाजले आहेत. पंचगंगेवरचे धुके अजून विरलेले नाही, आणि कोल्हापुरातील या प्रसूतिगृहाच्या लांब व्हरांड्यात एक पहिलटकरीण आईच्या खांद्याचा आधार घेऊन फेऱ्या मारते आहे. कळ आली की ती थांबते, खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकून पुढे वाकते, आणि आईचा तळहात न सांगता तिच्या कंबरेवर येतो.

हा हात नेमका कोठे आहे, ते पाहावे. पाठीचा कणा जेथे संपत येतो, तेथील त्रिकोणी हाडावर तळहाताचा मनगटाकडचा भाग ठेवून कसा दाब द्यायचा, हे परिचारिका आईला दाखवते आहे. कळ चढू लागताच दाब द्यायचा, ती भरात असेपर्यंत तो सैल पडू द्यायचा नाही, आणि कळ ओसरू लागली की हात हलकेच काढून घ्यायचा. बाळाच्या डोक्याची मागची बाजू आईच्या पाठीकडे असेल, तर कळा पोटापेक्षा कंबरेत अधिक जाणवतात. अशा वेळी या दाबाने विशेष आराम वाटतो. दोन कळांच्या मधल्या वेळात त्याच जागी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवली जाते, पण ती आधी परिचारिका स्वतःच्या मनगटाला लावून पाहते.

दाबाने वेदना कमी का वाटावी, याचे एक स्पष्टीकरण रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडले. स्पर्शाचे संदेश जाड मज्जातंतूंतून आणि वेदनेचे संदेश बारीक तंतूंतून मज्जारज्जूपर्यंत पोहोचतात. तेथे जणू एक दार असते, आणि स्पर्शाचे संदेश येऊ लागले की ते वेदनेपुरते लोटले जाते. या सिद्धांतात पुढे पुष्कळ भर पडली. आपल्या सुईणींना त्यातले काही ठाऊक नव्हते, तरी बाळंतिणीची कंबर चोळून देणे त्यांनी कधी सोडले नाही.

आता श्वासाकडे लक्ष द्यावे. दमसास हा शब्द या शहरात तालमींमुळे घरोघरी परिचित आहे. कळ येताच श्वास रोखला, तर खांदे, जबडा आणि मांड्या आवळल्या जातात, आणि आवळलेले शरीर लवकर थकते. म्हणून परिचारिका तिच्यासमोर बसून, तिच्या डोळ्यांत पाहत, नाकाने सावकाश श्वास घेते आणि तोंडाने त्याहून सावकाश सोडते. तिसऱ्या कळेपर्यंत दोघींचे श्वास जुळलेले दिसतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मालिश, गरम शेक, श्वसन, संगीत, हिंडण्याफिरण्याची मोकळीक आणि स्त्रीच्या पसंतीची सोबत या सर्वांचा समावेश केला. सोबतीचा पुरावा यांत सर्वांत भक्कम आहे. १७ देशांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या २६ अभ्यासांचा आढावा, आरोग्यविषयक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेतर्फे, २०१७ साली प्रसिद्ध झाला. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूती आणि वेदनाशामकांचा वापर, दोन्ही कमी आढळले. भारत सरकारनेही २०१६ साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीणीला मुभा दिली. तरीही या माहितीपटाच्या चित्रीकरणासाठी आम्ही गेलो त्या दुसऱ्या एका ठिकाणी प्रसूतिकक्षाचे दार बंद होते, आत मुलगी एकटी होती आणि तिची आई बाहेरच्या बाकावर थर्मास मांडीवर घेऊन बसली होती. त्या आईचे हात रिकामेच होते, याचे आम्हांला फार वाईट वाटले.

या उपायांनी वेदना नाहीशी होत नाही. जिला भूल हवी तिने ती निःसंकोच मागावी, आणि रक्तस्राव वाढला किंवा बाळाचे ठोके बिघडले तर निर्णय डॉक्टरांचाच.

दुपारी व्हरांड्यातल्या त्या पहिलटकरणीला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

हा त्याच प्रसूतिगृहातील गर्भवतींचा वर्ग. सातव्या-आठव्या महिन्यातल्या स्त्रिया सतरंजीवर बसल्या आहेत, आणि श्वासाचा सराव सुरू करण्यापूर्वी परिचारिका प्रत्येकीला विचारते, “कळा सुरू झाल्यावर तुझ्याजवळ कोण असणार?” एक म्हणते, आई. दुसरी सासूबाईंचे नाव सांगते. तिसरी थोडा वेळ विचार करते आणि शेजारी बसलेल्या जावेकडे पाहते.