सरन्यायाधीशांवरच खटला : मलेशिया, १९८८

(दृश्य : क्वालालंपूर. घुमट आणि घड्याळाचा मनोरा असलेली सुलतान अब्दुल समद इमारत)

२ जुलै १९८८. शनिवार. मलेशियाचं सर्वोच्च न्यायालय तेव्हा या इमारतीत होतं. पाच न्यायमूर्ती एका तातडीच्या अर्जावर सुनावणी घ्यायला निघालेत. पण कर्मचाऱ्यांना वरून निरोप गेलाय : सहकार्य करायचं नाही. त्या दिवशी धावपळ करणाऱ्या वकिलांनी पुढे सांगितलं, की न्यायालयाच्या दाराला कुलूप होतं आणि न्यायालयाचा शिक्का जागेवर नव्हता. आता शिक्क्याशिवाय आदेश म्हणजे नुसता कागद.

निरोप होता कार्यवाहक सरन्यायाधीश अब्दुल हमीद ओमर यांचा. आणि अर्ज होता त्यांच्याच अध्यक्षतेखाली झालेल्या चौकशीविरुद्ध.

हे इथवर आलं कसं? त्यासाठी वर्षभर मागे जावं लागेल.

(दृश्य : १९८७ मधली वर्तमानपत्रं, पक्षाच्या अधिवेशनाची छायाचित्रं)

एप्रिल १९८७. सत्ताधारी ‘उम्नो’ पक्षाची अंतर्गत निवडणूक. पंतप्रधान महाथिर मोहम्मद यांच्यासमोर उभे होते तेंगकू रझाले हमझा. मतं पडली ७६१ विरुद्ध ७१८. महाथिर वाचले, पण जेमतेम. हरलेल्या गटातले काही जण कोर्टात गेले. म्हणणं असं, की नोंदणी नसलेल्या शाखांच्या प्रतिनिधींनीही मतदान केलंय. फेब्रुवारी १९८८ मध्ये न्यायमूर्ती हारून हाशिम यांनी निकाल दिला आणि सगळ्यांचीच दांडी उडाली : शाखा बेकायदा, म्हणून अख्खा पक्षच बेकायदा! अर्जदार अपिलात गेले. त्या अपिलावर देशाच्या पंतप्रधानांचं राजकीय भवितव्य लटकलेलं होतं.

दरम्यान ऑक्टोबर १९८७ मध्ये ‘ऑपरेशन लालांग’ झालं. अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली शंभराहून अधिक माणसं उचलली गेली. विरोधी नेते, कार्यकर्ते, शिक्षणाच्या प्रश्नावर बोलणारे, चर्चशी संबंधित मंडळी. ‘द स्टार’सह तीन वर्तमानपत्रांचे परवाने गेले. या कायद्याखाली खटला न चालवता दोन वर्षं डांबता यायचं, आणि मुदत वाढवताही यायची.

पकडलेल्यांत होते करपाल सिंग, विरोधी पक्षाचे खासदार आणि नाणावलेले वकील. मार्च १९८८ मध्ये इपोहच्या उच्च न्यायालयाने त्यांची स्थानबद्धता रद्द केली. त्यांच्यावरच्या आरोपांपैकी एक साफ चुकीचा निघाला होता. करपाल सुटले. काही तासांनी पोलिसांनी त्यांना पुन्हा पकडलं. मग ते बाहेर आले थेट १९८९ च्या जानेवारीत.

न्यायाधीशाने सोडायचं आणि सरकारने रस्त्यातच पुन्हा धरायचं, एवढ्यावरही सरकारचं समाधान नव्हतं. त्याच मार्चमध्ये संसदेने राज्यघटनेचं कलम १२१ बदललं. न्यायिक अधिकार न्यायालयांकडे आहे, असं तिथे लिहिलेलं होतं. ते गेलं. आता न्यायालयांना संसदेचा कायदा देईल तेवढेच अधिकार. दोन-तृतीयांश बहुमत होतंच, हात वर झाले, काम झालं.

(दृश्य : सालेह अब्बास यांचं छायाचित्र)

सालेह अब्बास. तेरेंगानू राज्यात वाढलेले, १९८४ पासून सरन्यायाधीश. तिकडे या पदाला ‘लॉर्ड प्रेसिडेंट’ म्हणत. पंतप्रधान न्यायाधीशांवर जाहीर तोंडसुख घेत होते, म्हणून राजधानीतले वीस न्यायाधीश एकत्र बसले आणि सालेह यांनी सर्वांच्या वतीने राजाला, म्हणजे यांग दि-पेर्तुआन आगोंग यांना पत्र लिहिलं. त्या बैठकीत अब्दुल हमीद ओमरही होते, हे लक्षात असू द्या.

उम्नोचं अपील पूर्ण नऊ न्यायमूर्तींपुढे ऐकायचं सालेह यांनी ठरवलं. तारीख लागली १३ जून. त्याआधीच, २७ मे रोजी, महाथिर यांनी त्यांना बोलावून सांगितलं : राजेसाहेबांची इच्छा आहे, तुम्ही पायउतार व्हा. सालेह यांनी आधी राजीनामा दिला, मग मागे घेतला. लगेच निलंबन आणि चौकशी न्यायाधिकरण.

आरोप काय? त्या पत्राचा एक. आणि मानद डॉक्टरेट घेताना केलेल्या भाषणाचा एक. भ्रष्टाचाराचा? एकही नाही.

आणि अध्यक्ष कोण, तर हमीद. सालेह गेले तर खुर्ची ज्यांना मिळणार, ते. सदस्यांत श्रीलंकेचे सरन्यायाधीश, सिंगापूरचे एक न्यायाधीश, शिवाय मलेशियाच्या संसदेचे सभापतीसुद्धा. सालेह यांना असलं न्यायाधिकरण मान्य नव्हतं. ते त्यापुढे गेलेच नाहीत; उलट त्याविरुद्ध कोर्टात गेले.

म्हणून तो २ जुलैचा शनिवार. न्यायमूर्ती वान सुलेमान यांच्यासह पाच जण कुलूप-शिक्क्याला न जुमानता बसले आणि न्यायाधिकरणाने अहवाल राजाला पाठवू नये, असा अंतरिम आदेश दिला. काही दिवसांत ते पाचही निलंबित. ८ ऑगस्टला सालेह बडतर्फ. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, उम्नोचं अपील फेटाळलं गेलं. तारखा एवढ्या नीट लागल्या होत्या, की निवेदकाने वेगळं काही सांगायची गरज नाही.

पाचांपैकी वान सुलेमान आणि जॉर्ज सिया यांनाही काढलं, तिघे परत आले. हमीद सरन्यायाधीश झाले.

यात रणगाडा नाही, मार्शल लॉ नाही. नोटीस, न्यायाधिकरण, अहवाल, राजाची सही, सगळं घटनेतल्या कलमाबरहुकूम. आपल्याकडे १९७७ मध्ये न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांची ज्येष्ठता डावलली गेली, तेव्हा तेवढेही सोपस्कार लागले नव्हते.

(दृश्य : कामुंटिंग स्थानबद्धता केंद्राचं फाटक)

आणि या सगळ्याची किंमत मोजली कुणी? १९८९ मध्ये अंतर्गत सुरक्षा कायद्यात दुरुस्ती झाली. स्थानबद्धतेच्या आदेशात कार्यपद्धतीची चूक असेल तेवढीच न्यायालयाने बघायची, बाकी विचारायचं नाही. करपाल सिंग ज्या वाटेने काही तास का होईना सुटले, ती वाटच बंद. पुढची तेवीस वर्षं, २०१२ मध्ये तो कायदा जाईपर्यंत, हे चाललं. या काळात आत गेलेली बहुतेक माणसं प्रसिद्ध नव्हती.

प्रसिद्ध होते ते अन्वर इब्राहिम. १९८८ मध्ये ते महाथिर यांच्याच मंत्रिमंडळात होते. दहा वर्षांनी उपपंतप्रधानपदावरून हकालपट्टी, अटक, कोठडीत मारहाण. काळानिळा डोळा घेऊन ते कोर्टात आले, तो फोटो जगभर गेला. शिक्षा झालीच.

२००८ मध्ये सरकारने सालेह आणि त्या न्यायमूर्तींना, किंवा त्यांच्या कुटुंबीयांना, पैसे दिले. माफी मात्र मागितली नाही. सालेह २०२१ च्या जानेवारीत कोविडने गेले.

२०१७-१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने, म्हणजे आताच्या सर्वोच्च न्यायालयाने, दोन निकालांत ठणकावलं, की कलम १२१ मध्ये काहीही लिहा, न्यायिक अधिकार न्यायालयांकडून काढता येत नाही. न्यायाधीशांच्या नेमणुका मात्र अजून पंतप्रधानांच्याच हाती अडकलेल्या आहेत. २००९ च्या कायद्याने आलेल्या निवड आयोगात नऊ सदस्य, त्यातले पाच पंतप्रधानांनी नेमलेले, आणि शिफारसही त्यांच्यावर बंधनकारक नाही. जुलै २०२५ मध्ये सरन्यायाधीश तेंगकू मैमुन मुदतवाढ न मिळता निवृत्त झाल्या, तेव्हा काळे कोट घातलेले वकील पुत्रजाया या प्रशासकीय राजधानीत मोर्चा घेऊन पंतप्रधान कार्यालयावर गेले. कार्यालयात पंतप्रधान होते अन्वर इब्राहिम.