हिपॅटायटिसची जुनी फाईल आणि हार्ट अटॅक

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात कोणाला कावीळ झाली की आपण आधी पाण्याला दोष देतो, आणि बरेचदा ते खरंही असतं. पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ए आणि ई सहसा काही आठवड्यांत बरी होते. आज बोलायचंय ते बी आणि सी यांच्याबद्दल. हे रक्तातून शिरतात आणि डोळे पिवळे न करताही वर्षानुवर्षं यकृतात मुक्काम ठोकतात. अशा माणसाला हार्ट अटॅक आला तर?

सीची बाधा असलेल्यांमध्ये अटॅकनंतर मृत्यूचं प्रमाण जास्त असल्याचं काही मोठ्या पाहण्यांत दिसलं आहे. पण नुसता विषाणू असणं वेगळं आणि सिरोसिस, म्हणजे यकृतावर व्रण पडून ते कडक होणं, वेगळं. यकृत शाबूत असेल तर अँजिओप्लास्टी, स्टेंट, गोळ्या, सगळं इतरांसारखंच व्हायला हवं. ‘लिव्हरचा पेशंट’ म्हणून हात आखडता घेतला, तर नुकसान हृदयाचंच.

सिरोसिसमध्ये मात्र खरी कसरत असते. प्लेटलेट कमी, अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या, म्हणजे रक्तस्रावाची भीती; आणि तरी स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल द्यावंच लागतं. म्हणून शक्यतो मनगटातून अँजिओग्राफी करतात, पोटासाठी पँटोप्रॅझोल देतात, एंडोस्कोपीने शिरा तपासतात आणि दुसरी गोळी किती महिने चालवायची ते रक्तस्रावाचा धोका पाहून ठरवतात. यकृत फारच बिघडलं असेल तर टिकाग्रेलॉर ही क्लोपिडोग्रेलऐवजी दिली जाणारी गोळी टाळतात. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, वाढलाय म्हणजे रक्त आपोआप पातळ आहे, हा समज चुकीचा. यकृत असं असलं तरी रक्तात गुठळ्या होतात.

रिपोर्ट वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. यकृताच्या तपासणीत मोजलं जाणारं एसजीओटी हृदयाच्या स्नायूतूनही सुटतं, त्यामुळे अटॅकनंतर ते वाढलं म्हणजे यकृतच बिघडलं असं नाही. आणि सीच्या रुग्णांत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कमी दिसतं, म्हणून ते उतरवणाऱ्या स्टॅटिनची गरज नाही असं मानलं जातं. तेही चूक. स्थिर यकृतविकारात स्टॅटिन सहसा चालतं. एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतलंच दुसरं माप) तिप्पट झालं किंवा पोटात पाणी साठलं, तर डोस डॉक्टरांनी ठरवायचा.

सीवर आता गोळ्या आहेत, बहुतेकांना बारा आठवड्यांचा कोर्स पुरतो. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर त्या मोफत मिळतात. पण त्यातल्या सोफोसबुविरसोबत हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठीचं ॲमिओडॅरोन घेतलं तर नाडी धोकादायकरीत्या मंदावू शकते. काही गोळ्यांमुळे रक्तातलं स्टॅटिनही वाढतं. कोर्स सुरू करण्यापूर्वी हृदयाच्या सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा. बीसाठी टेनोफोविर किंवा एंटेकाविर हे विषाणूरोधक औषध चालू असेल तर हॉस्पिटलच्या धावपळीत ते बंद पडू देऊ नका. अचानक थांबवल्यास विषाणू उसळू शकतो.

१०८च्या ॲम्ब्युलन्समध्ये बसतानाच ‘बी पॉझिटिव्ह’ किंवा ‘सी पॉझिटिव्ह’ असल्याचं सांगा. नातेवाईक संकोचतात, हे समजण्यासारखं आहे. पण मग डॉक्टर रक्तगटच समजतील, म्हणून ‘हिपॅटायटिस’ हा शब्द स्पष्ट उच्चारा.

घरी आल्यावर अंग दुखलं तर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन नको. शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा रक्ताची उलटी झाली, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. मात्र स्टेंटच्या गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू नका. तो निर्णय हृदय आणि यकृत दोन्ही पाहणाऱ्या डॉक्टरांनी मिळून घ्यायचा असतो.