लोरेता: एका तीर्थाचं नाव

नमस्कार मंडळी. आज एका नावाबद्दल बोलायचंय. लोरेता. परत एकदा म्हणते, लो-रे-ता, मधल्या रेवर जरा जोर द्यायचा, आणि शेवटचा ता म्हणजे आपल्या ताटातला ता, ट नाही. इंग्रजी वळणाने लोकं लॉरेटा म्हणतात, गोव्यात, वसईत, मुंबईत लॉरेटा नावाच्या बायका भेटतातही, पण इटालियन माणूस तो त जीभ दाताला लावूनच म्हणतो, त्यामुळे आपल्या मराठी तोंडाला हे नाव अगदी सहज बसतं.

इटलीत हे नाव आढळतं. तिथे लॉरा उदंड आहेत, आधीच्या पिढीत लोरेदानाही बऱ्याच, आणि लोरेताही. आणि हे मूळचं गावाचं नाव आहे, लोरेतो. इटलीच्या पूर्व किनाऱ्याला आन्कोना म्हणून बंदर आहे, तिथून थोडं दक्षिणेला आलं की एका टेकडीवर हे छोटंसं गाव लागतं, समोर एड्रियाटिक समुद्र. गाव लहान, पण आख्ख्या कॅथलिक जगात माहीत असलेलं, कारण ते तीर्थक्षेत्र आहे.

हे मला कळलं ना, तेव्हा मला एकदम माझी आजी आठवली. आजीचं नाव द्वारका. तिच्या दोघी बहिणी मथुरा आणि काशी. आजी द्वारकेला कधीच गेली नाही, जायचं जायचं म्हणत राहूनच गेलं, पण दिवसातून पन्नास वेळा घरातली माणसं द्वारका द्वारका अशी हाक मारायची आणि तिच्या आईचं म्हणणं असं की तेवढंच तीर्थाचं नाव तोंडात येतं. आता ही नावं कोणी ठेवत नाही, पण एक काळ असा होता की गावागावात काशीबाई, मथुराबाई, गोदावरी, यमुना असायच्या. लोरेता हे नाव मला नेमकं त्या घरातलं वाटतं. जिथे जाणं आपल्या हातात नाही तिथलं नाव मुलीला द्यायचं.

आता अर्थ. लॅटिनमध्ये लाउरुस म्हणजे लॉरेलचं झाड आणि लाउरेतुम म्हणजे लॉरेलची राई. आपल्याकडे कसं आमराई, तसं ते. त्या टेकडीवर लॉरेलची राई होती म्हणून गाव लोरेतो, असं मानतात. दुसरी एक जुनी आख्यायिका सांगते की ती जमीन लोरेता नावाच्या बाईची होती आणि तिच्यावरून गावाला नाव पडलं. मला स्वतःला राईचीच गोष्ट पटते, पण गाव आधी की बाई आधी हा प्रश्न मनात घोळत राहतो हे मात्र खरं.

लॉरेलचं पान म्हणजे परदेशातलं तमालपत्र म्हणा. पण आपलं तमालपत्र ते हे नव्हे. कधी मसाल्याच्या डब्यातलं पान काढून उजेडात धरून बघा, देठापासून टोकापर्यंत तीन शिरा उभ्या धावलेल्या दिसतील, मधे एक आणि दोन्ही बाजूंना एकेक. लॉरेलच्या पानाला मधे एकच जाड शीर, आणि तिच्यातून पिसासारख्या बारीक शिरा आडव्या फुटलेल्या. आपलं पान चुरगळलं की दालचिनीकडे झुकणारा वास येतो, त्यांचा वास वेगळा, जरा औषधी. पण कुळ दोघांचं एकच, दालचिनीचंही तेच. म्हणजे नात्याने चुलत बहिणीच.

ह्या पानाचा ग्रीक आणि रोमन लोकांमध्ये केवढा मान! ग्रीक कथेत दाफ्ने नावाची नदीकन्या असते, अपोलो देव तिच्या मागे लागतो, ती पळते, पळून पळून दमते आणि बापाचा धावा करते, तेव्हा तिचं लॉरेलचं झाड होतं. ग्रीकमध्ये दाफ्ने म्हणजेच लॉरेल. म्हणून दाफ्ने आणि लोरेता ही दोन्ही नावं एकाच झाडाची. पुढे रोममध्ये जिंकून आलेल्या सेनापतीच्या डोक्यावर ह्याच पानांची माळ. आपण नोबेल लॉरिएट म्हणतो त्यातला लॉरिएट इथलाच, आणि इटलीत आजही युनिव्हर्सिटीच्या डिग्रीला लाउरेया म्हणतात, पोरं पास झाली की डोक्यावर खऱ्या पानांचं कडं घालून रस्त्यातून मिरवतात.

आता गावाकडे परत येते, कारण खरी गोष्ट तिथे आहे. लोरेतोच्या चर्चच्या आत एक घर आहे. घर म्हणजे काय, तीन दगडी भिंती, साधारण साडेनऊ मीटर लांब आणि चार मीटर रुंद, आपल्या चाळीतल्या दोन खोल्या जोडल्या तर होतील एवढं. श्रद्धा अशी की हे येशूची आई मरियम हिचं नाझरेथ गावातलं घर, आणि देवदूतांनी ते उचलून समुद्रापलीकडून आणलं, १० डिसेंबर १२९४ ला इथे टेकवलं. आपल्याकडे मारुतीने द्रोणागिरी उचलून आणला, तशी ही कथा. काही अभ्यासक म्हणतात की आंजेली नावाचं एक बायझंटाईन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्यातलं, घराणं होतं, त्यांनी ते दगड जहाजातून आणवले असतील, आणि इटालियनमध्ये आंजेली म्हणजे देवदूत, म्हणून माणसांचे देवदूत झाले. मला ह्या दोन्ही गोष्टी सारख्याच आवडतात.

त्या घराभोवती नंतर संगमरवराचं नक्षीदार आवरण केलं, त्याचा आराखडा ब्रामांते ह्या वास्तुकाराचा, तोच तो रोमच्या सेंट पीटर्स चर्चवर काम केलेला. पण नक्षीपेक्षा मला खालची पायरी महत्त्वाची वाटते. यात्रेकरू गुडघ्यांवर चालत ह्या घराला प्रदक्षिणा घालतात, शेकडो वर्षं घालत आलेत, आणि त्या संगमरवरात गुडघ्यांनी घासून घासून दोन लांब चर पडलेत. मला तर आपल्या जुन्या देवळातला झिजलेला उंबरठाच आठवला.

घर उडून आलं म्हणून १९२० साली पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी लोरेतोच्या मरियमला वैमानिकांची संरक्षक ठरवलं. इटलीचं हवाई दल आजही १० डिसेंबरला तिचा दिवस पाळतं. पुढच्याच वर्षी, १९२१ ला, आत आग लागून तिथली मरियमची जुनी मूर्ती जळाली. मग व्हॅटिकनच्या बागेतल्या देवदाराच्या लाकडातून नवी घडवली, काळीसावळीच, आधीसारखी.

हेच नाव भारतातही पोचलं. इंग्लंडची मेरी वॉर्ड नावाची जोगीण १६२१ मध्ये पायी रोमला निघालेली, वाटेत लोरेतोला थांबली. तिच्या परंपरेतल्या आयर्लंडच्या नन्सनी आपल्या मठाला लोरेटो नाव दिलं आणि १८४१ च्या शेवटी त्या कलकत्त्यात उतरल्या. तिथल्या लोरेटो शाळा त्यांच्याच. आणि १९२९ च्या जानेवारीत ह्याच संस्थेतून एक अठरा वर्षांची मुलगी कलकत्त्याला आली, तिथे अनेक वर्षं शाळेत शिकवलं, १९४८ ला बाहेर पडून वस्त्यांमध्ये गेली. मदर तेरेसा. कलकत्त्यात ती आली ती लोरेटोची सिस्टर म्हणून.

ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी, शेजारी, ऑफिसात एखादी लोरेता किंवा लॉरेटा असेल तर लक्षात ठेवा, तिकडे वाढदिवसासारखाच नावाचाही दिवस असतो, आणि हिचा दिवस १० डिसेंबर. त्या दिवशी तिला फोन करा, आणि नाव घेताना त म्हणा.